अपुऱ्या दिवसांची बाळे आणि डोळ्यांचा आजार (आरओपी): खरी जोखीम कशाची?

सावली
माझ्या धाकट्या बहिणीचे बाळ २९ व्या आठवड्यात जन्मले. वजन ११५० ग्रॅम. व्हेंटिलेटर निघाला असून बाळ सध्या सीपॅपवर (नाकातून सतत दाबाने हवा देऊन श्वासाला आधार देणाऱ्या यंत्रावर) आहे आणि डोळ्यांची पहिली तपासणी पुढच्या आठवड्यात ठरली आहे. रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, म्हणजे आरओपी, हा आजार होण्याची शक्यता कशाकशाने वाढते याची यादी डॉक्टरांनी तिला समजावून सांगितली: कमी दिवस, कमी वजन, ऑक्सिजन, रक्त चढवणे, जंतुसंसर्ग, श्वास मध्येच थांबणे आणि जन्मानंतर वजन हळू वाढणे. यातले जवळजवळ सर्वच आमच्या बाळाच्या वाट्याला आले आहे. त्यातच घरातील ज्येष्ठांनी "ऑक्सिजन लावूच द्यायला नको होता" असा धोशा लावल्यामुळे बहीण स्वतःला दोष देत बसली आहे.

माझा प्रश्न असा, की या यादीतील सर्व गोष्टी सारख्याच तोलाच्या असतात का? त्यांतील प्रत्यक्ष कारणे कोणती, आणि जे बाळ आजारी आहे त्याच्याबाबतीत ओघानेच आढळणाऱ्या गोष्टी कोणत्या? जाणकारांनी आणि अनुभवींनी कृपया लिहावे.

काठावरचा
यात गुंतागुंत कसली आहे? जास्तीच्या ऑक्सिजनने डोळे जातात हे १९५० च्या दशकातच सिद्ध झाले आहे. ऑक्सिजन कमी द्यावा, प्रश्न मिटला.

पारदर्शी
प्रश्न इतक्या सहज मिटला असता तर माझे निम्मे काम हलके झाले असते. (मी दृष्टिपटलाच्या आजारांवर उपचार करणारा नेत्रतज्ज्ञ आहे, अपुऱ्या दिवसांच्या बाळांची तपासणी हा माझ्या नित्याच्या कामाचा भाग आहे.)

दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्यातील पडद्याच्या, रक्तवाहिन्या गर्भाच्या साधारण १६ व्या आठवड्यापासून दृष्टीची नस जिथे पडद्याला मिळते तिथून कडांकडे वाढू लागतात. नाकाच्या बाजूची कड त्या ३६ व्या आठवड्याच्या सुमारास गाठतात. कानाच्या बाजूची कड अधिक दूर असल्यामुळे तेथे पोहोचायला ४० वा आठवडा उजाडतो. त्यामुळे २९ व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या पडद्याचा बाहेरचा मोठा पट्टा रक्तवाहिन्यांविनाच असतो, आणि उरलेली वाढ पोटात व्हायची ती आता बाहेर व्हावी लागते. जोखमीचे मूळ इथे आहे. बाळ जितके लवकर जन्मेल तितका तो कोरा पट्टा रुंद.

आता ऑक्सिजनचा भाग. गर्भाशयात बाळाच्या रक्तातील ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या जेमतेम ३० मिलिमीटरच्या आसपास असतो. जन्मल्यावर साध्या हवेतसुद्धा तो दुपटीच्या घरात जातो, मग वरून ऑक्सिजन दिल्यावर तर बोलायलाच नको. पडद्याला ऑक्सिजनची उणीव भासली की त्यात व्हीईजीएफ नावाचे प्रथिन तयार होते आणि ते रक्तवाहिन्यांना पुढे वाढवत नेते. ऑक्सिजन मुबलक झाला की हे प्रथिन घटते आणि वाढ खुंटते. हा पहिला टप्पा. पुढे साधारण ३२ व्या आठवड्यानंतर (हे आठवडे जन्मापासून नव्हे, आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजायचे) पडदा परिपक्व होऊ लागतो, त्याची ऑक्सिजनची गरज वाढते, पण त्या कोऱ्या पट्ट्याला रक्त पोहोचतच नाही. मग तोच व्हीईजीएफ भरमसाट तयार होतो आणि नव्या, कच्च्या वाहिन्या पडद्यात पुढे सरकण्याऐवजी डोळ्याच्या पोकळीत घुसतात. त्यांच्याबरोबर येणारे तंतू आकसले की पडदा ओढला जाऊन सुटतो, आणि अंधत्व येते ते या ओढीमुळे.

म्हणजे एकच ऑक्सिजन पहिल्या टप्प्यात जास्त झाला तर घातक, आणि दुसऱ्या टप्प्यात कमी पडला तरी घातक. शिवाय वरून ऑक्सिजन मुळीच न लागलेल्या बाळांनाही हा आजार झालेला आम्ही पाहतो.

उलटतपासणी
काठावरचा यांनी १९५० च्या दशकाचा दाखला दिला आहे, पण त्या गोष्टीचा उत्तरार्ध वगळला आहे.

१९४२ मध्ये बोस्टनच्या थिओडोर टेरी यांनी अकाली जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांत भिंगामागे पांढरट पडदा आढळल्याची पहिली नोंद केली. पुढची दहा-बारा वर्षे जीवनसत्त्वे, लोह, प्रकाश अशा अनेकांवर संशय घेऊन झाला आणि तोवर जगभरात सुमारे दहा हजार मुले दृष्टी गमावून बसली होती. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजन सढळ हाताने देणाऱ्या आणि हात राखून देणाऱ्या संस्थांची तुलना करून बोट नेमके ऑक्सिजनवर ठेवले, आणि त्यानंतर अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीने त्यावर शिक्कामोर्तब केले.

उत्तरार्ध असा, की त्यानंतर ऑक्सिजनवर सरसकट निर्बंध आले, अंधत्व खरोखरच घटले, आणि फुप्फुसे कच्ची असलेली बाळे ऑक्सिजनअभावी दगावू लागली. १९७३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात क्रॉस यांनी मांडलेला अंदाज असा होता, की एका बाळाची दृष्टी वाचवण्यासाठी सुमारे सोळा बाळांचे प्राण गेले. तो अंदाज वरखाली असू शकतो, पण ऑक्सिजन तोडण्याचा सल्ला देण्यापूर्वी तो डोळ्यांसमोर असलेला बरा.

काठावरचा
एवढा इतिहास मला खरोखरच ठाऊक नव्हता. पण मग धरले तर चावते आणि सोडले तर पळते अशी अवस्था झाली. नेमका आकडा किती ठेवायचा?

उलटतपासणी
त्यासाठी मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सपोर्ट' चाचणीत २४ ते २७ आठवड्यांच्या बाळांचे दोन गट केले होते. एका गटात रक्तातील ऑक्सिजनची संपृक्तता (मॉनिटरवर दिसणारी ऑक्सिजनची टक्केवारी) ८५ ते ८९ टक्के ठेवायची होती आणि दुसऱ्यात ९१ ते ९५. वाचलेल्या बाळांपैकी गंभीर आरओपी कमी पातळीच्या गटात ८.६ टक्के होती, जास्त पातळीच्या गटात १७.९ टक्के. पण घरी जाण्यापूर्वी झालेले मृत्यू अनुक्रमे १९.९ आणि १६.२ टक्के होते. डोळे वाचवणारा आकडा जिवावर उठतो असे दिसल्यावर आता बहुतेक ठिकाणी ९० ते ९५ च्या आसपासचे लक्ष्य ठेवले जाते. म्हणजे आरओपीची थोडी अधिक जोखीम जाणीवपूर्वक पत्करली जाते, कारण तिच्यावर वेळेत उपचार करता येतात.

रात्रपाळी
मी नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. वर जो ९० ते ९५ चा आकडा आला आहे तो कागदावर फार सोपा दिसतो, म्हणून खाटेपाशी काय होते ते सांगते.

बाळ श्वास घ्यायचे विसरते, आकडा ७८ पर्यंत घसरतो, अलार्म वाजतो. आपण बाळाच्या तळव्याला हलकेच टिचकी मारतो, तोवर दुसरा हात ब्लेंडरच्या (हवा आणि ऑक्सिजन ठरावीक प्रमाणात मिसळणाऱ्या यंत्राच्या) चकतीवर गेलेला असतो आणि दिला जाणारा ऑक्सिजन ३० टक्क्यांवरून ५० वर जातो. बाळ श्वास घेऊ लागते, आकडा ९९ वर जाऊन बसतो. तेवढ्यात शेजारच्या बाळाचा अलार्म होतो. ती चकती पुन्हा ३० वर आणायला किती वेळ लागतो, यावर पुष्कळ काही ठरते. ९९ चा अलार्म कानाला तितका भयंकर वाटत नाही. काही ठिकाणी तर वरची मर्यादा १०० वर ठेवून तो गप्पच केलेला असतो. माझ्या मते जोखीम-घटकांच्या यादीत "अलार्मची वरची मर्यादा" आणि "एका परिचारिकेमागे किती बाळे" हे दोन मुद्दे ठळक अक्षरांत घालायला हवेत.

सावली, तुमच्या बहिणीला एवढेच सांगा, की ऑक्सिजन लागला म्हणून दिला गेला आणि तो नसता तर आज तपासणीचा प्रश्नच आला नसता.

पारदर्शी
रात्रपाळी यांच्याशी पूर्ण सहमत. पातळी सतत वरखाली होत राहणे हे काही वेळा स्थिर पण किंचित जास्त पातळीपेक्षाही अधिक त्रासदायक ठरते, असे प्राण्यांवरील प्रयोगांतही दिसले आहे.

सावली
आपल्या सर्वांचे मनापासून आभार. रात्रपाळी, तुमचे शेवटचे वाक्य मी बहिणीला आणि ज्येष्ठांनाही वाचून दाखवले. रक्त चढवणे आणि वजन यांबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही. बाळाला एकाहून अधिक वेळा रक्त द्यावे लागले आहे.

मोजमाप
माझे काम वैद्यकीय आकडेवारीचे आहे, त्यामुळे "कारण की नुसतेच सोबत आढळणारे" हा प्रश्न माझ्या आवडीचा.

ज्या बाळाला वारंवार रक्त चढवावे लागते ते बाळ बहुधा सर्वांत लहान असते, त्याच्या तपासण्यांसाठी वारंवार रक्त काढले जाते, त्याला जंतुसंसर्ग झालेला असतो आणि ते अधिक काळ व्हेंटिलेटरवर असते. अशा बाळांमध्ये आरओपी अधिक आढळली, तर दोष रक्ताचा की आजारपणाचा, हे निव्वळ निरीक्षणांतून ठरवता येत नाही. रक्तावर संशय घ्यायला सबळ जागा आहे हे मान्य: चढवलेल्या रक्तातील प्रौढ हिमोग्लोबिन गर्भाच्या हिमोग्लोबिनपेक्षा ऑक्सिजन अधिक सहज सोडते, म्हणजे पडद्याला तो जास्त मिळतो. परंतु रक्त लवकर चढवायचे की हिमोग्लोबिन बरेच उतरेपर्यंत थांबायचे, याची तुलना करणाऱ्या दोन मोठ्या चाचण्या २०२० मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि गंभीर आरओपीच्या प्रमाणात दोन्ही गटांत ठोस फरक आढळला नाही. म्हणून रक्त चढवणे हे मी "आजारपणाची खूण" या खात्यात टाकेन.

वजनाचे प्रकरण याहून रंजक आहे. आयजीएफ-१ नावाचे वाढीचे संप्रेरक कमी असेल तर व्हीईजीएफला आपले काम नीट करता येत नाही, आणि अकाली जन्मलेल्या बाळात ते कमीच असते. स्वीडनमधील संशोधकांनी यावरून असे दाखवले, की जन्मानंतरच्या आठवड्यांत वजन ज्या गतीने वाढते त्यावरून गंभीर आरओपीचा अंदाज बराच आधी बांधता येतो. 'विनरॉप' ही पद्धत २००६ च्या सुमारास त्यातूनच आली. पण गंमत पाहा: बाळांना बाहेरून आयजीएफ-१ देऊन केलेल्या चाचणीत आरओपी काही कमी झाली नाही. म्हणजे मोजायला उत्तम, पण त्यावर थेट इलाज करून उपयोग नाही, असे निदान तूर्त तरी दिसते.

दवबिंदू
विभागातील प्रखर दिव्यांमुळे आणि भेटायला आलेल्या नातेवाइकांच्या मोबाइलच्या फ्लॅशमुळे असे होते, असे आमच्याकडे ठामपणे सांगितले गेले होते. त्यावर कोणी प्रकाश टाकेल का? (शब्दखेळ टाळता आला नाही.)

पारदर्शी
दवबिंदू, या संशयाचीही रीतसर परीक्षा झाली आहे. जन्मल्यानंतर पहिल्या २४ तासांतच बाळांच्या डोळ्यांवर काळे गॉगल चढवून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. गॉगल असलेल्या आणि नसलेल्या बाळांत आरओपीचे प्रमाण जवळपास सारखेच होते. विभागात मंद प्रकाश बाळाच्या झोपेसाठी चांगला असतो, तेवढ्यासाठी तो जरूर ठेवावा. फ्लॅश टाळण्याला आरओपीचे कारण नको, सभ्यपणा पुरेसा आहे.

जुळ्यांची_आई
माझी जुळी ३१ व्या आठवड्यातली. दोघांची खोली एक, परिचारिका त्याच, दूध तेच. धाकटीचे वजन थोरल्यापेक्षा बरेच कमी होते, तिला रक्तात जंतुसंसर्ग झाला आणि तिचे वजन कितीतरी दिवस जागचे हलले नाही. डोळ्यांवर लेझरचे उपचार तिच्यावर करावे लागले. थोरल्याच्या वाहिन्या आपोआप कडेपर्यंत पोहोचल्या. त्यामुळे मोजमाप यांनी लिहिलेले मला तंतोतंत पटले.

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. आम्हाला घरी सोडताना दिलेल्या कागदावर दूध, लसी, औषधे सर्व काही होते. डोळ्यांच्या तपासणीची तारीख मात्र नव्हती. बाळ छान आहे, वजन घेते आहे, मग आणखी काय पाहायचे, अशा समजुतीत आम्ही होतो. लसीसाठी गेलो असता तिथल्या डॉक्टरांनी सहज विचारले म्हणून धावपळ केली, आणि त्याच तपासणीत धाकटीचा आजार उपचारांच्या पायरीवर पोहोचलेला निघाला. बाहेरून डोळ्यांत काहीही दिसत नव्हते. ना लाली, ना पाणी, ना पांढुरकेपणा. आज ती शाळेत जाते, जाड भिंगांचा चष्मा लावते आणि भावाचा चष्मा नाही म्हणून त्याच्यावर रुसते.

पारदर्शी
तुमच्या अनुभवातील सर्वांत मोठा जोखीम-घटक कोणत्याही यादीत छापलेला नसतो: चुकलेली तारीख. उपचाराची गरज ठरल्यावर तो साधारण ७२ तासांच्या आत व्हावा लागतो, यावरून या आजाराची घाई लक्षात यावी. आणि पालकांना बाहेरून कळेल असे चिन्ह दिसते तेव्हा बहुधा पडदा सुटून गेलेला असतो.

मोजमाप
एक प्रश्न विचारतो. वजनवाढीवरून इतका चांगला अंदाज येत असेल, तर प्रत्येक बाळाचे डोळे ताणून पाहण्याऐवजी केवळ धोक्यातली बाळे निवडून तपासली तर काय हरकत आहे? ती तपासणी बाळाला सोसावी लागतेच ना?

उलटतपासणी
हरकत अशी, की हे अंदाज ज्या बाळांवर बेतले गेले ती ज्या देशांत होती, तिथे ऑक्सिजन काटेकोर मोजून दिला जात होता. जिथे ब्लेंडर अपुरे आहेत किंवा ऑक्सिजन शंभर टक्केच दिला जातो, तिथे मोठ्या आणि अधिक दिवसांच्या बाळांनाही गंभीर आरओपी होते. तपासणीचे निकषही त्यामुळेच देशागणिक बदलतात. अमेरिकेत ३० आठवडे किंवा १५०० ग्रॅम आणि त्याखालची बाळे तपासतात, ब्रिटनमध्ये ३१ आठवड्यांच्या आतली किंवा १५०१ ग्रॅमपेक्षा कमी वजनाची. भारतात मात्र ३४ आठवड्यांच्या आतली किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची सर्व बाळे, आणि त्यावरची आजारी बाळेही. एका देशाचे सूत्र दुसऱ्या देशात जसेच्या तसे वापरले तर नेमकी तीच मोठी बाळे निसटतील, जी सुदृढ दिसतात म्हणून कोणाच्या मनातही येत नाहीत.

रात्रपाळी
तपासणी सोसावी लागते हे खरे, पण ती थोड्या वेळाचीच असते. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब आधी घालतो, भूल देणारे थेंब घालतो, बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतो, जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब सोडतो. पापण्या उघड्या ठेवणारी छोटी तार पाहून बाळांच्या माता घाबरतात. म्हणून मी ती त्यांना आधीच हातात घेऊन पाहायला देते. तपासणीनंतर काही तास बाळ श्वास विसरण्याची शक्यता थोडी वाढते, त्यामुळे त्या वेळी मॉनिटरवर लक्ष हवेच.

काठावरचा
आता मी ऑक्सिजनविषयी गप्प बसतो आणि एक उपयोगी प्रश्न विचारतो. टाळता येण्यासारखे यात काय आहे?

मोजमाप
चाचण्यांत टिकलेल्या गोष्टी थोड्या आहेत. श्वास थांबू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या कॅफिनने मोठ्या चाचणीत गंभीर आरओपी ७.९ वरून ५.१ टक्क्यांवर आली. चाचणीचा मुख्य हेतू तो नव्हता, हा आयता झालेला लाभ. स्वीडनमध्ये २८ आठवड्यांच्या आतल्या बाळांना ठरावीक स्निग्धाम्ले दुधाबरोबर दिल्यावर गंभीर आरओपीचे प्रमाण निम्म्यावर आल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, पण ती एकच चाचणी आहे. जीवनसत्त्व ई जास्त मात्रेत देण्याचा जुना प्रयोग जंतुसंसर्ग वाढतो म्हणून मागे पडला. आईचे दूध निरीक्षणांत उपकारक दिसते, आणि जंतुसंसर्ग कमी करण्यासाठी तरी ते हवेच.

पारदर्शी
सावली यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो मागे पडला आहे. सर्व गोष्टी सारख्या तोलाच्या मुळीच नाहीत. जन्माच्या वेळचे आठवडे आणि वजन हे बाकी सर्वांच्या वर बसतात, आणि त्यांवर जन्मानंतर कोणाचाच ताबा नसतो. त्याखाली ऑक्सिजन येतो. तो खरे कारण आहे, पण किती, केव्हा आणि किती स्थिर, यावर त्याचा परिणाम ठरतो. वजन हळू वाढणे हा धोक्याचा विश्वासू निदर्शक आहे. रक्तातला जंतुसंसर्ग मी मोजमाप यांच्यापेक्षा थोडा वर ठेवेन, कारण दाहामुळे वाहिन्यांच्या वाढीवर थेट परिणाम होतो असे मानायला आधार आहे, आणि बुरशीचा संसर्ग झालेल्या बाळांची तपासणी करताना मी स्वतः जास्त सावध असतो. रक्त चढवणे, व्हेंटिलेटरचे दिवस, जुळेपण हे बहुतांशी वरच्या गोष्टींच्या पाठोपाठ येतात. बहिणीने केले म्हणून किंवा करू दिले म्हणून झाले, असे या यादीत एकही कलम नाही.

सावली
तपासणी झाली. दोन्ही डोळ्यांत दुसऱ्या पट्ट्यात पहिल्या पायरीचा आजार आहे, 'प्लस' नाही, असे लिहून दिले आहे. दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावले आहे. याचा अर्थ कोणी सांगेल का?

पारदर्शी
पट्टा म्हणजे वाहिन्या कुठवर पोहोचल्या आहेत. पहिला सर्वांत आतला आणि अधिक धोक्याचा, तिसरा सर्वांत बाहेरचा. पायरी म्हणजे वाढ थांबलेल्या सीमेवर काय घडते आहे. पाचपैकी पहिलीवर तिथे फक्त एक बारीक रेघ दिसते. 'प्लस' म्हणजे मधल्या वाहिन्या फुगून नागमोडी होणे. आजार जोरात असल्याचे ते लक्षण तुमच्या बाळात नाही. या स्थितीतील बहुसंख्य बाळांचा आजार उपचारांविना ओसरतो. तरीही दोन आठवड्यांची मुदत पुढे ढकलू नका, कारण आजार वाढायचा असेल तर तो बहुधा ३५ ते ३८ आठवड्यांच्या दरम्यान वाढतो आणि बाळ आता त्याच काळात शिरते आहे. वाहिन्या कडेपर्यंत पोहोचल्याचे डॉक्टर स्वतः लिहून देईपर्यंत तपासण्या चालू राहतील.

जुळ्यांची_आई
सावली, त्याआधी बाळाला घरी सोडले तर निघण्यापूर्वी पुढच्या तपासणीची तारीख, वेळ आणि ठिकाण त्या कागदावर लिहून घ्या, आणि आजच्या तपासणीच्या नोंदीची प्रतही मागून घ्या. दुसरीकडे दाखवायची वेळ आली तर तिथले डॉक्टर पहिल्यांदा तीच विचारतात.